एनबीएच्या एक पायरी खाली: जी-लीगमधला खेळाडू जगतो कसा?

एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्यात ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाला पूर्ण करारावर १५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे सगळ्या जगासाठी मिळून ४५० जागा. अमेरिकेतल्या कॉलेजांमधून दर वर्षी हजारो मुलं चार-चार वर्षं खेळून बाहेर पडतात, सर्बिया, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नायजेरियातून येणारी वेगळीच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी, नाव पुकारलं जातं जेमतेम साठ जणांचं. उरलेल्यांतले बहुतेक जण नोकरीधंद्याला लागतात. काही परदेशात खेळायला जातात. आणि काही जण एनबीएच्या दाराशीच, एक पायरी खाली थांबतात. त्या पायरीचं नाव जी-लीग.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे कमी पडलेले खेळाडू. मला हे अजिबात पटत नाही. या दोन पातळ्यांमध्ये फरक खेळाचा असतो तसा जागांचाही असतो, आणि माझ्या मते जागांचाच जास्त. आपल्या अमोल मुजुमदारने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा काढल्या आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. धावा कमी पडल्या नव्हत्या. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. जी-लीगमधल्या बऱ्याच खेळाडूंची गोष्ट याच जातीची आहे. फरक इतकाच की इथे ती पगाराच्या आकड्यात फार ठसठशीत दिसते.

आधी लीगबद्दल थोडं. एनबीएने ही दुय्यम लीग २००१ मध्ये आठ संघांवर सुरू केली. पुढे तिचं नाव डी-लीग झालं. ‘डी’ म्हणजे डेव्हलपमेंट, खेळाडू घडवण्याची जागा. २०१७ मध्ये गेटोरेड या पेयाच्या कंपनीने नावाचे हक्क घेतले आणि ती जी-लीग झाली. आज एनबीएच्या तीसही संघांचा प्रत्येकी एक जी-लीग संघ आहे, शिवाय मेक्सिको सिटीचा एक स्वतंत्र संघ. गावं बघा: साउथ डकोटातलं सू फॉल्स, विस्कॉन्सिनमधलं ऑशकॉश, टेक्सासच्या दक्षिण टोकाचं एडिनबर्ग. एनबीएच्या झगमगाटाशी ज्यांचा फारसा संबंध नाही अशी ही शहरं. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा हंगाम आणि साधारण पन्नास सामने.

आता खरी गुंतागुंत. जी-लीगच्या एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले तीन खेळाडू तीन वेगळ्या जगांतले असू शकतात.

पहिला, एनबीए संघाचा पक्का खेळाडू. दुखापतीतून उठलाय किंवा वयाने लहान आहे, वर खेळायला मिळत नाही, म्हणून सरावासाठी त्याला खाली पाठवलंय. त्याचा पगार एनबीएचाच, लाखो डॉलरांचा. दुसरा, टू-वे करारावरचा. हा प्रकार २०१७-१८ पासून आला. असा खेळाडू दोन्हीकडे खेळतो, एनबीए संघ त्याला हवं तेव्हा वर बोलावतो. आज एका संघाला असे तीन खेळाडू ठेवता येतात, हंगामात जास्तीत जास्त ५० एनबीए सामन्यांसाठी ते उपलब्ध असू शकतात, आणि एनबीएमधल्या नवख्या खेळाडूच्या किमान पगाराच्या निम्मे पैसे त्यांना मिळतात. ही रक्कम आता साडेपाच लाख डॉलरांच्या पुढे गेली आहे. तिसरा, साध्या जी-लीग करारावरचा. त्याला सबंध हंगामाचे मिळतात चाळीस हजार डॉलरांच्या थोडे वर. राहायची सोय आणि हंगामापुरता आरोग्य विमा लीगकडून.

हे तिघं एकाच विमानाने प्रवास करतात. तेही खास विमान नव्हे, तुमच्या-आमच्यासारखं तिकीट काढून. सहा फूट आठ इंचांचा माणूस साध्या सीटवर गुडघे दुमडून बसतो आणि उतरला की थेट सरावाला जातो. कोर्टवर तिघांनी एकमेकांना पास द्यायचा असतो. वरून पाठवलेला खेळाडू आला की मिनिटं आधी त्याला द्यायची, कारण संघ त्याच्यासाठीच पैसे मोजतोय. मग साध्या करारावरचा मुलगा, जो कालपर्यंत तीस मिनिटं खेळत होता, आज दहा मिनिटांवर येतो. वाईट खेळला म्हणून नव्हे.

या तिसऱ्या खेळाडूच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लॉस एंजेलिस लेकर्स या एनबीए संघाच्या जी-लीग संघात खेळणारा साधा खेळाडू लेकर्सचा नसतो. त्याचा करार लीगशी असतो, त्यामुळे तीसपैकी कुठलाही एनबीए संघ त्याला उचलू शकतो. याला कॉल-अप म्हणतात. टू-वेवाल्याला जास्त पैसे मिळतात, पण तो एकाच संघाला बांधलेला. साध्यावाल्याला पैसे कमी, पण दारं तीस. मात्र हे स्वातंत्र्य वरच्या दिशेने आहे, आडव्या दिशेने नाही. जी-लीगमध्येच दुसऱ्या गावच्या संघात जायचं तर ते त्याच्या हातात नाही. परदेशात जाऊन परत आला तरी जुन्या संघाचा त्याच्यावरचा हक्क दोन वर्षं टिकतो. तो संघ हा हक्क दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कुणी दुसराच खेळाडू घेऊ शकतो.

कॉल-अप बहुतेक वेळा दहा दिवसांचा असतो. ५ जानेवारीपासून एनबीए संघ दहा दिवसांचा करार देऊ शकतात. दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त असेल ते. एकाच संघाने असे दोनदा दिले की तिसऱ्यांदा निर्णय घ्यावा लागतो: हंगाम संपेपर्यंत ठेवायचं, नाहीतर सोडायचं. त्या दहा दिवसांत खेळाडूला नव्या संघाच्या चाली पाठ करायच्या असतात, हॉटेलात राहायचं असतं आणि कदाचित एकूण सहा मिनिटं कोर्टवर मिळतात. त्या सहा मिनिटांवर पुढचं ठरतं.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात कसं उतरतं ते बघायचं तर आंद्रे इन्ग्रमकडे बघावं. व्हर्जिनियातल्या रिचमंडचा हा मुलगा, जन्म १९८५ चा. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतून त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि तिथेच बास्केटबॉल खेळला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही. २००७ मध्ये डी-लीगच्या स्वतःच्या ड्राफ्टमधून युटा फ्लॅश या संघाने त्याला घेतलं. चार वर्षांत तो संघच बंद पडला. पुढे तो लॉस एंजेलिसला, लेकर्सच्या दुय्यम संघात आला. मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला अगदी थोडे दिवस खेळून पाहिलं. बाकी सगळी वर्षं याच लीगमध्ये. घरी बायको आणि दोन मुली. पैसे पुरावेत म्हणून तो गणिताच्या शिकवण्या घ्यायचा.

त्याचं काम एकच होतं: थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा फटका मारणं. ते तो विलक्षण अचूक करायचा. कारकिर्दीत शंभरातले ४६ च्या आसपास थ्री-पॉइंटर आत. चाळीस आत गेले तरी एनबीएमध्ये ते उत्तम मानतात. २०१८ पर्यंत लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त थ्री-पॉइंटर त्याच्या नावावर होते, ७०० हून अधिक. मग वर का बोलावलं नाही? उंची सहा फूट तीन इंच, त्या जागेसाठी साधारणच. पायात फार वेग नाही. आणि मधल्या काळात वय वाढत गेलं. एनबीएचे व्यवस्थापक खाली बघतात ते पुढच्या पाच वर्षांसाठी. तिशीतला नेमबाज आज कितीही उपयोगी असला तरी ती खुर्ची ते बावीस वर्षांच्या मुलाला देतात, कारण तो अजून वाढेल अशी आशा असते. या तर्कात मला चूक काढता येत नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं हे दिसल्याशिवाय राहत नाही.

२०१७-१८ मध्ये त्याचा पगार होता १९,००० डॉलर. तेव्हा लीगमध्ये पगाराच्या दोनच पायऱ्या होत्या, २६,००० आणि १९,०००. दहा वर्षं खेळलेला, विक्रम नावावर असलेला माणूस खालच्या पायरीवर होता. त्या वेळच्या दराने वर्षाचे साधारण १२ लाख रुपये. इथे वाचताना रक्कम बरी वाटेल, पण लॉस एंजेलिसमध्ये चार माणसांचं घर चालवायला ती पुरत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये लेकर्सचा हंगाम संपत आला होता. प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, आशा उरली नव्हती आणि बरेच खेळाडू जखमी होते. ९ तारखेला इन्ग्रमला बैठकीसाठी बोलावलं. हंगाम संपला की प्रत्येकाशी होते तशी निरोपाची बोलणी, असं समजून तो गेला. तिथे लेकर्सच्या बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष मॅजिक जॉन्सन आणि सरव्यवस्थापक रॉब पेलिंका होते. उरलेल्या दोन सामन्यांसाठी तू लेकर्सचा खेळाडू आहेस, असं त्यांनी त्याला सांगितलं.

१० एप्रिलला स्टेपल्स सेंटरमध्ये समोर ह्यूस्टन रॉकेट्स. त्या मोसमात साखळीत सर्वांत जास्त, ६५ सामने जिंकलेला संघ. जेम्स हार्डन आणि ख्रिस पॉल हे त्यांचे बडे खेळाडू. इन्ग्रम बत्तीस वर्षांचा, केसांत पांढरे स्पष्ट दिसणारे. पहिलाच फटका थ्री-पॉइंटर, आत. पहिल्या चार फटक्यांपैकी चारही आत. पाच थ्री-पॉइंटर मारले, चार आत गेले. २९ मिनिटांत १९ गुण, शिवाय तीन ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे फटके हवेतच अडवले. प्रेक्षक ‘एमव्हीपी, एमव्हीपी’ ओरडत होते, जो घोष एरवी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी होतो. लेकर्स ९९-१०५ असे हरले, पण दुसऱ्या दिवशी बातमी त्याचीच होती. अमेरिकन नवखा खेळाडू इतक्या वयाचा १९६४ नंतर झाला नव्हता. पुढच्या रात्री क्लिपर्सविरुद्ध त्याने पाच गुण आणि सहा असिस्ट (ज्यावर सहकारी गुण काढतो असे पास) केले, आणि हंगाम संपला.

या दोन सामन्यांचे त्याला मिळाले १३,८२४ डॉलर. हा आकडा कुठून आला ते बघण्यासारखं आहे. त्या वर्षी एनबीएमधल्या नवख्या खेळाडूचा किमान पगार ८,१५,६१५ डॉलर होता. हंगाम १७ ऑक्टोबर ते ११ एप्रिल, म्हणजे १७७ दिवसांचा. भागाकार केला की दिवसाचे ४,६०८ डॉलर होतात. इन्ग्रमचा करार ९, १० आणि ११ एप्रिल असा तीन दिवसांचा. तीन गुणिले ४,६०८ बरोबर १३,८२४. हा किमान पगार होता हे लक्षात ठेवा, एनबीएच्या तळाचा. आणि तरीही तीन दिवसांत त्याला खालच्या सहा महिन्यांच्या कमाईच्या सत्तर टक्क्यांहून जास्त मिळालं. ९ तारखेला सकाळी त्याच्या हातात जो नेम होता तोच संध्याकाळी होता. बदलली होती फक्त कराराची पायरी.

ही कथा जगभर फार गाजली आणि ती गोड आहेच. पण मला तिच्या पुढचं पान जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढच्या हंगामात तो परत जी-लीगमध्येच होता. मार्च २०१९ मध्ये लेकर्सने दहा दिवसांचा करार दिला, चार सामन्यांत मोजकी मिनिटं मिळाली, आणि एनबीएचं खातं तिथे बंद झालं. १९ गुणांच्या रात्रीने त्याच्यासाठी जागा तयार केली नाही, कारण जागा तशी तयार होत नसते.

लेकर्सच्या त्याच २०१७-१८ च्या जी-लीग संघात इन्ग्रमबरोबर अ‍ॅलेक्स कारुसो खेळत होता. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून आलेला. त्यालाही २०१६ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. पहिलं वर्ष ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे काढलं आणि मग लेकर्सने त्याला टू-वे दिला. वय चोवीस, बचाव चिवट. २०२० मध्ये तो लेकर्सबरोबर एनबीए विजेता झाला, २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरबरोबर पुन्हा. त्याचा सध्याचा करार चार वर्षांचा, आठ कोटी डॉलरांच्या घरातला. एकाच बसमधून प्रवास केलेले हे दोघं.

कारुसोने नंतर एका मुलाखतीत एक मार्मिक निरीक्षण सांगितलं होतं: जी-लीगमधले पुष्कळ खेळाडू भलत्याच नोकरीसाठी परीक्षा देत असतात. त्याचा अर्थ असा. जी-लीगमध्ये सामन्याला पंचवीस-तीस गुण काढणारा खेळाडू वर गेला की त्याला ते काम मिळणार नसतं. वर त्यासाठी आधीच लेब्रॉन जेम्स असतो. संघाला हवा असतो तो सुटा चेंडू पकडणारा, समोरच्या सर्वांत अवघड माणसाला अडवणारा, कोपऱ्यात उभा राहून आलेली एकमेव संधी न दवडणारा. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलाला सांगा बघू, की तुझी निवड गुण काढून नाही, पाच-सहा गुणांत समाधान मानून होईल. शिवाय शेजारचा त्याच वेळी तीस काढतोय आणि गॅलरीत एनबीए संघांचे खेळाडू हेरणारे स्काउट बसलेत. ही कुचंबणा या लीगच्या मुळाशीच आहे. संघ म्हणून जिंकायचं, पण प्रत्येकाला लवकरात लवकर हा संघ सोडून जायचंय. अशा संघाला बांधून ठेवणाऱ्या प्रशिक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

मग इतक्या कमी पैशांत लोक इथे का राहतात? परदेशात, स्पेन, तुर्कस्तान, चीन, जपान, फिलिपिन्समध्ये, चांगल्या खेळाडूला याच्या कित्येक पट मिळतात. पण तिथे गेलं की नजरेआड. दर डिसेंबरला जी-लीगचे सगळे संघ एका ठिकाणी जमतात, पूर्वी लास वेगासला, आता ऑरलँडोला. त्या चार दिवसांत एनबीएच्या सगळ्या संघांची माणसं त्याच इमारतीत असतात. हंगामाच्या मध्यात कुणाचा घोटा मुरगळला तर फोन सू फॉल्सला जातो, इस्तंबूलला नाही. आणि उदाहरणं डोळ्यांसमोर असतात. जॉनथन सिमन्सने २०१३ मध्ये १५० डॉलर फी भरून ऑस्टिनच्या संघाची खुली चाचणी दिली आणि दोन वर्षांनी सॅन अँटोनियो स्पर्सकडून एनबीए खेळला. पास्कल सियाकम २०१७ मध्ये डी-लीगच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू होता आणि २०१९ मध्ये टोरंटोबरोबर एनबीए विजेता. आज एनबीएमधल्या निम्म्याच्या आसपास खेळाडूंनी कधी ना कधी ही खालची लीग पाहिलेली असते. आशा खोटी नाही, म्हणूनच सोडवत नाही.

इन्ग्रमने मात्र आणखी एक काम केलं, ज्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. २०२० मध्ये जी-लीगच्या खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली आणि तिचा पहिला अध्यक्ष तो झाला. त्याआधी पगार, विमा, प्रवास, सगळं लीग ठरवायची आणि खेळाडू सही करायचे. गणित शिकवणारा, कराराचा तळ स्वतः पाहिलेला माणूस टेबलाच्या या बाजूला बसला, हे मला त्या १९ गुणांपेक्षा मोठं वाटतं.

भारताचा या लीगशी संबंध थोडका पण खरा आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर घेतला आणि दोन हंगाम टेक्सास लेजंड्स या दुय्यम संघात ठेवला. मिनिटं फार थोडी मिळाली, एनबीएचा सामना एकही नाही. अमज्योत सिंग २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला. ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकादमीत घडलेला प्रिन्सपाल सिंग आधी जी-लीगच्या इग्नाइट संघात आणि मग स्टॉकटन किंग्जमध्ये खेळला.

महाराष्ट्रात याची चर्चा ऑक्टोबर २०१९ मध्ये थोडी झाली. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले तेव्हाची गोष्ट. पण आपल्याकडे चांगल्या बास्केटबॉलपटूची वाट वेगळीच असते. नागपाड्यातला मुलगा असो की पुण्यातला, शेवटी रेल्वे, प्राप्तिकर, सीमाशुल्क किंवा ओएनजीसीची नोकरी आणि विभागाच्या संघातून खेळ. व्यावसायिक लीगचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीएमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे संघही होते. दोन-तीन वर्षांत ती थांबली. ज्याने नोकरी धरली होती तो सावरला. ज्याने लीगवर भिस्त ठेवली तो नव्याने शोधायला लागला.

म्हणून आपल्या ओळखीतल्या एखाद्या उंच, गुणी मुलाला अमेरिकेतून बोलावणं आलं तर ‘एनबीएच्या लीगमध्ये निवड’ या मथळ्यावर थांबू नये. करार कुठल्या प्रकारचा आहे, टू-वे की साधा? हक्क कुणाकडे राहणार आणि किती वर्षं? सरावाच्या शिबिरातून वगळलं तर परतीच्या तिकिटाचे पैसे कोण देणार? हंगाम संपल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर विमा चालू असेल का? इथली सरकारी नोकरी असेल तर बिनपगारी रजा किती मिळेल? आणि एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे पगार नसलेले महिने, कशावर काढायचे? ही उत्तरं लेखी मागावीत, सही करण्याआधी.